सोळा नटांची कंपनी

आमच्या सोसायटीत अशी समजूत आहे की मी रोज सकाळी गाडीला प्रदक्षिणा घालतो. समजूत अगदीच निराधार नाही. सातच्या सुमाराला मी पार्किंगमध्ये उतरतो, गाडीच्या पुढच्या चाकापाशी गुडघे टेकतो, मान वाकवतो, चाकाला हात लावतो, उठतो आणि पुढच्या चाकाकडे जातो. चारही चाकं झाली की दोन पावलं मागे सरून सगळ्या गाडीकडे एकदा डोळे भरून पाहतो. लांबून बघणाऱ्याला यात भक्तीखेरीज दुसरं काय दिसणार? वॉचमनने तर मध्यंतरी महिनाभर बॉनेटवर जास्वंदीचं फूल ठेवायचा परिपाठ सुरू केला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात आमच्या हिला गाठून विचारलं, "कुठल्या महाराजांनी सांगितलंय गं? गुण येतोय का?"

"कसला गुण आजी! नट बघतात ते."

"अगंबाई, कुठला नट? मालिकेतला?"

इथेच सगळा घोळ आहे. आपल्या भाषेनं चाकावरचा नट आणि रंगभूमीवरचा नट एकाच शब्दात कोंबले, आणि खरं सांगायचं तर त्यात फारसं चुकलं असंही नाही. दोघेही फार आवळून घेतले तर बिघडतात, मोकळे सोडले तर ऐन प्रयोगात पसार होतात, आणि दोघांच्याही बाबतीत प्रेक्षकाला हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. माझ्या गाडीच्या दर चाकाला चार नट. म्हणजे सोळा नटांची कंपनी घेऊन मी हिंडतो. नाटक मंडळाच्या मॅनेजरला झोप का लागत नसेल, हे मला आता कळतं.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं दोन वर्षांपूर्वी. मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं कराडला. पुण्याहून कराड सुमारे एकशे साठ किलोमीटर, मुहूर्त दुपारचा, आम्ही सकाळी सातला निघालो. म्हणजे वेळ भरपूर होता. लग्नाला जाताना वेळ भरपूर असला की समजावं, तो कुठंतरी खर्ची पडणार आहे. शिरवळ मागे टाकलं, खंबाटकी अजून यायचा होता, आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. उतरून पाहतो तर पुढचं डावं चाक जमिनीवर बसलेलं, एखादा पाहुणा जेवून भिंतीला टेकावा तसं.

"स्टेपनी आहे ना?" हिनं विचारलं.

स्टेपनी होती. हा शब्द आपण इतका घरचा करून टाकलाय की त्याला गाव आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. वेल्समधल्या लनेथ्ली गावात स्टेपनी नावाची एक गल्ली आहे. तिथल्या डेव्हिस नावाच्या भावांनी १९०४ साली जादा चाक विकायचा धंदा काढला, कारण तेव्हाच्या मोटारींबरोबर जादा चाक मिळतच नसे. पुढे इंग्रज तो शब्द विसरून गेले. आपण नाही विसरलो. ब्राझीलवालेही नाही विसरले, ते अजून 'एस्टेपी' म्हणतात. रस्त्याच्या कडेला ऊन खात बसलेल्या माणसाचं ज्ञान असं चहूबाजूंनी वाढतं.

तर मी जॅक काढला. शास्त्रशुद्धपणे, बरोबर जागीच लावला. गाडी उचलली. चाक अधांतरी झालं, तेव्हा विजयी मुद्रेनं हिच्याकडे पाहिलं आणि पाना नटाला लावून जोर दिला. नट जागचा हलला नाही. त्याऐवजी अख्खं चाकच फिरलं. हँडब्रेक ओढला होता, पण हँडब्रेक असतो मागच्या चाकांना. पुढचं चाक आपलं मोकळं, जत्रेतल्या पाळण्यासारखं. मी पाना फिरवतोय, चाक फिरतंय, नट आपल्या जागी स्वस्थ बसून फेऱ्या मारतोय.

महामार्गावर एरवी मैलभर माणूस दिसत नाही. पण तुम्ही जॅक लावा, जमीन फाटून माणसं वर येतात. पहिल्या पाच मिनिटांत मोटरसायकलवर दुधाच्या किटल्या लावलेले एक गृहस्थ, शेळ्या घेऊन निघालेले एक आजोबा, आणि कुठून आला हे शेवटपर्यंत न कळलेला टोपीवाला तरुण, असे तिघे माझ्या पाठीशी उभे राहिले.

"गाडी खाली घ्या," दूधवाले म्हणाले. "नट आधी ढिले करायचे असतात. मग वर घ्यायची."

"उलटं फिरवताय तुम्ही," टोपीवाला म्हणाला.

"उलटंच फिरवायचं असतं," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय. उलटं फिरवताय, ते बरोबर आहे."

आजोबा काही बोलले नाहीत. ते फक्त शेळ्यांना उद्देशून जिभेनं च्यक् च्यक् करत होते, पण मला ते माझ्यासाठीच वाटलं.

गाडी खाली घेतली. नट तरीही ढिम्म. "पाय द्या," दोघांनी एकमुखानं सांगितलं. मी पाय दिला. पाना निसटला, माझ्या नडगीवर बसला, आणि मी आजतागायत लग्नाच्या एकाही फोटोत दोन्ही पायांवर सरळ उभा दिसत नाही. शेवटी टोपीवाल्यानं पान्याच्या टोकाला दुधाच्या किटलीखालचा नळीचा तुकडा बसवला, दांडा लांबवला, आणि एका झटक्यात 'कर्र' करून नट सुटला. तो आवाज ऐकून मला जो आनंद झाला, तो पुढे वधूवरांच्या डोक्यावर अक्षता टाकतानाही झाला नाही. नाहीतरी अक्षता टाकायला आम्ही पोचलोच नव्हतो. पण ते पुढे.

चारी नट काढले. "माझ्या डब्यात ठेवा," ही म्हणाली. मी ऐकलं नाही. मी पुरुष होतो आणि माझ्याजवळ व्हीलकप होता. व्हीलकप उलटा करून रस्त्याच्या कडेला ठेवला, त्यात चारी नट ठेवले. एका शेळीला त्यात खाऊ आहे असं वाटलं. तिनं तोंड घातलं, निराश झाली आणि निघताना मागच्या पायानं व्हीलकप उडवला. नट उतारावरून गवतात. अर्ध्या तासात दोन सापडले. दोन नाही.

"शेळीनं तर..." मी आजोबांकडे संशयानं पाहिलं.

"लोखंड खाईना ती," आजोबा म्हणाले. सगळ्या सकाळीत ते एवढं एकच वाक्य बोलले, आणि तेही तिच्या बाजूनं.

मी मेहुण्याला फोन लावला. मेहुणा म्हणजे हौशी नाट्यसंस्थेचा प्राण. राज्य नाट्यस्पर्धेचा हंगाम आला की तो घरात राहत नाही, तालमीत राहतो. लग्नाच्या हॉलवर सनई वाजत होती, त्यामुळे त्याला निम्मंच ऐकू येत होतं.

"उशीर होतोय," मी ओरडलो. "दोन नट गेले!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग भेदरलेला आवाज, "कोण कोण?"

"अहो चाकाचे!"

"चाकाचे?... हां हां. देवा! माझ्या पोटात गोळा आला. पुढच्या आठवड्यात प्राथमिक फेरी आहे हो!"

आता दोन नटांवर चाक कसं न्यायचं? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे, कारण येरवड्याच्या भिंतीआडून डोकावणाऱ्या त्या शहाण्या वेड्याची गोष्ट प्रत्येकाने ऐकलेली असते: बाकीच्या चाकांचा एकेक नट काढून घ्या. मलाही ठाऊक होतं. पण दूधवाल्यांना ती गोष्ट सांगायचीच होती. सुरुवातीपासून, इस्पितळाच्या वर्णनासकट, मधे किटल्यांचे पट्टे आवळत. शेवटचं वाक्य आल्यावर ते स्वतःच इतके हसले की दूध हिंदकळलं. तोवर टोपीवाल्यानं दुसऱ्या चाकाचा एक नट काढून आणलाही होता. स्टेपनी तीन नटांवर उभी राहिली. त्याला मी विचारलं, "आवळलेत ना नीट?" तो म्हणाला, "काका, गाडी खाली घ्या, मग शेवटचा पीळ देतो. वर असताना द्यायचा नसतो." आणि दिला. त्या दिवशी तिघांपैकी एकालाच विषय माहीत होता, आणि त्यालाच मी सगळ्यात कमी धन्यवाद दिले. असं का होतं कुणास ठाऊक. धन्यवाद बहुतेक गोष्ट सांगणाऱ्याला जातात.

चाळीसच्या वेगानं कराड गाठलं. जेवणाची दुसरी पंगत मिळाली.

दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात गेलो. नवे दोन नट घेतले. तिथं सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा होता. त्यानं पाना नटावर आडवा लावला, गाडीच्या छताला धरलं, आणि पान्याच्या टोकावर चढून दोन उड्या मारल्या. प्रत्येक नटाला दोन. मग हात झटकून अभिमानानं म्हणाला, "आता जन्मात सुटणार नाही, साहेब."

या वाक्यानं माझं समाधान व्हायला हवं होतं. उलट माझ्या मनात पाल चुकचुकली. जन्मात सुटणार नाही म्हणजे पुढच्या वेळी माझ्याकडून कसा सुटणार?

घरी येऊन प्रथमच गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघडलं. आपल्याकडे हे पुस्तक गाडी घेताना हातात येतं, त्यावर दुकानदार पेढा ठेवतो, आणि मग ते डॅशबोर्डच्या कप्प्यात विम्याच्या कागदाखाली समाधी घेतं. त्यात लिहिलं होतं, चाकाचे नट ८५ न्यूटन-मीटरला आवळा. शाळेत न्यूटन म्हटलं की मी सफरचंदापाशीच थांबायचो, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. काका कारखान्यात इंजिनिअर होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, आणि बारा वर्षं ते कुणीतरी काहीतरी विचारावं म्हणून वाट पाहत होते.

काकांनी कागद घेतला. "पाना केवढा?"

"फूटभर."

"म्हणजे तीस सेंटिमीटर धर. टोकावर साधारण एकोणतीस किलोचा जोर दिला की ८५ झाले. आता तुझ्या त्या पोराचं वजन पन्नास किलो असेल, तर तो नुसता उभा राहिला की १४७. उड्या मारल्या की..." काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "उड्यांचं गणित नाही करत मी. देव जाणे."

"म्हणजे जास्तच घट्ट. चांगलंच की."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनंतर तसं कुणी पाहिलं नव्हतं.

"पायजम्याला नाडी घालतोस ना?"

"घालतो."

"किती आवळतोस?"

"पायजमा राहील इतपत."

"नाडी तुटेपर्यंत आवळलीस तर? पायजमा जास्त राहतो का?" मी गप्प. "नट आवळतोस तेव्हा आतला स्टड जरासा ताणला जातो. केसभर. त्या ताणानं चाक हबला दाबून धरलं जातं. सगळा भार त्या दाबावर, त्या घर्षणावर. फार ताणलास की स्टडचा जीव जातो, मग तो एके दिवशी मुकाट्यानं तुटतो. आता दुसरं सांग. नाडी बांधून जेवायला बसलास, उठलास. काय होतं?"

"थोडी सैल वाटते. कापड बसतं ना."

"बस्स. चाक आणि हबच्या मधे गंज असतो, धूळ असते, रंगाचा थर असतो. गाडी धावली, ब्रेक तापले, थंड झाले, की तो थर चेपतो, बसतो. थर बसला की ताण कमी. म्हणून चाक काढून घातलं की पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर एकदा पाना लावून बघायचं. आणि एका कडेनं नाही आवळायचं, पंगतीत वाढल्यासारखं. समोरासमोरचे नट घ्यायचे, म्हणजे चाक सरळ बसतं. आणि नटाची निमुळती बाजू आत. आणि आट्यांना तेल लावायचं नाही, आपले लोक लगेच तेल लावतात. तेल लावलं की पाना ८५ च सांगतो, पण स्टड मात्र भलताच ताणला जातो."

अडीच हजारांचा टॉर्क रेंच मी त्याच आठवड्यात घेतला. हा साधा पाना नव्हे. मुठीपाशी आकडे कोरलेले असतात, मूठ फिरवून ८५ वर आणायची, नट आवळायचा, आणि बरोबर ८५ ला तो हातातल्या हातात 'कट्' करतो. पुरे, असं सांगतो. आयुष्यात मला 'आता पुरे' असं वेळेवर सांगणारी ही पहिलीच वस्तू. तो 'कट्' इतका गोड असतो की माणसाला पुन्हा ऐकावासा वाटतो, म्हणून तो परत ओढतो, आणि दर ओढीला नट थोडा पुढेच सरकतो. हेही काकांनीच सांगितलं, पण मी पहिल्या रविवारी चार चाकांवर मिळून चाळीसेक कट् वाजवून झाल्यावर. सगळे नट पुन्हा ढिले करून पुन्हा आवळावे लागले.

त्यानंतर माझा संशयखोर काळ सुरू झाला. नळाची चकती, गॅसचा रेग्युलेटर, पंख्याचा बोल्ट, सगळीकडे माझा हात फिरू लागला. ही शांतपणे बघत होती. एक दिवस म्हणाली, "आपल्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. शंभर किलोमीटरनंतर एकदा मलाही विचारायचं होतं ना, ढिलं वाटतंय का कुठे?" मी रेंच खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "वाटतंय का?" ती म्हणाली, "आता काय उपयोग. गंजून एकजीव झालंय."

मोठ्या ट्रकांच्या आणि बसच्या चाकांवर भडक रंगाचे प्लॅस्टिकचे छोटे बाण बसवतात, आपल्याकडे क्वचित दिसतात पण परदेशात पुष्कळ. शेजारच्या दोन नटांवरचे बाण एकमेकांकडे तोंड करून ठेवायचे. एकानं तोंड फिरवलं की समजायचं, नट फिरला. संसारातही ही सोय हवी होती. माझ्या गाडीला तसे बाण मिळेनात, म्हणून मी हिच्या नेलपॉलिशनं प्रत्येक नटावरून स्टडवर एकेक लाल रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. युक्ती जुनी आहे, कारखान्यात सर्रास करतात. पण दुसऱ्या दिवशी वॉचमनने सोळा नटांवर लाल बोटं ओढलेली पाहिली आणि त्याची उरलीसुरली शंका फिटली. फुलाबरोबर उदबत्तीही आली ती तेव्हापासून.

नट आवळण्याचा माज करणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं माझ्यापाशी आहेत. एक जगाच्या, दुसरं घरच्या इतिहासातलं.

जगाचं असं. फॉर्म्युला वनच्या मोटारीला चाकाला एकच नट असतो, मधोमध. तो यंत्रानं काढतात आणि बसवतात. मॅक्लारेनच्या लोकांनी २०२३ साली कतारला चारही चाकं बदलायला १.८० सेकंद घेतले. मी तेवढ्या वेळात पाना हातात नीट धरतो. पण त्याच खेळात २०२१ च्या मोनॅको शर्यतीत मर्सिडीजच्या बोटासची गाडी चाक बदलायला थांबली आणि पुढच्या उजव्या चाकाचा नट काही केल्या सुटेना. यंत्र नटावर वाकडं बसलं, नटाचे कंगोरेच घासून गेले. दुसऱ्या क्रमांकावर असलेली गाडी तिथंच बाद. चाक निघालं ते दोन दिवसांनी, इंग्लंडमधल्या कारखान्यात नेल्यावर. हे वाचलं तेव्हा शिरवळच्या पुढे नळी लावून 'कर्र' केलेला तो टोपीवाला आठवला. मोनॅकोला तसा एकही माणूस आला नाही, याचं कारण तिथं शेळ्या नसतात एवढंच मला सुचतं.

घरचं उदाहरण मामांचं. मामांकडे जुनी विलीज जीप होती, महायुद्धाच्या वंशातली. तिच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. उजवीकडची चाकं जगाप्रमाणे सुटतात, डावीकडची जगाच्या उलट. चाक पुढे धावताना त्या फिरण्यानंच नट सुटत जाऊ नयेत, म्हणून ही तजवीज. मामांना हे माहीत नव्हतं. पंक्चर डाव्या चाकाचं. मामा पैलवान. त्यांनी नट सोडवायला म्हणून जोर लावला आणि खरं म्हणजे तो आवळत नेला. सुटेना म्हणून आणखी जोर. स्टड तुटला. "एक खराब होता," मामा म्हणाले, आणि दुसऱ्याकडे वळले. तोही तुटला. तिसरा तुटल्यावर मामींनी ओट्यावरून विचारलं, "अहो, दुसरीकडे फिरवून बघा की!" मामा म्हणाले, "तुला यातलं काय कळतंय?" पाचच्या पाच स्टड तुटल्यावर मेकॅनिक आला, त्यानं तुटक्या तुकड्याच्या टोकावर कोरलेलं इंग्रजी 'एल' अक्षर दाखवलं. मामा नंतर तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मामी मात्र भेटेल त्याच्याशी बोलल्या.

गेल्या डिसेंबरात चारही टायर नवे घातले. दुकानात हवेच्या यंत्रानं धडाधड नट बसवले. मी विचारलं, "किती टॉर्कला?" मालक म्हणाले, "फुल." दोन दिवसांनी कोल्हापूरला निघालो, आईला अंबाबाईचं दर्शन घ्यायचं होतं. पुण्यातून निघताना किलोमीटर मोजायला सुरुवात केली. खंबाटकी चढलो, उतरलो, सत्तर झाले. मोकळी जागा बघून गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर लावले, त्रिकोण ठेवला आणि रेंच काढला.

"आता काय?" आई मागच्या सीटवरून.

"नट बघतो. पाच मिनिटं."

हिनं कपाळाला हात लावला. आईनं मात्र तिच्याकडे वळून म्हटलं, "बघू दे गं. दशरथानं रथ निघायच्या आधी आसाची खीळ बघितली असती, तर कैकेयीला हात घालावा लागला नसता. हात घातला नसता तर दोन वर मिळाले नसते, आणि त्या पोराला चौदा वर्षं वनात जावं लागलं नसतं. कीर्तनात ऐकलंय मी."

माझ्या या छंदाला शास्त्राचा असा आधार प्रथमच मिळत होता. मी ताठ मानेनं खाली वाकलो. कट्. कट्. कट्. पंधरा नट जागच्या जागी. सोळावा, मागच्या उजव्या चाकाचा, हलला. पाव फेरा. मग कट्.

"सापडला!" मी उठून ओरडलो. "ढिला होता! बघ! पाव फेरा!"

जवळून जाणाऱ्या एसटीतल्या लोकांनी खिडकीतून पाहिलं. आमच्या घरच्यांनी पाहिलं नाही. ही चष्मा पुसत होती. आई म्हणाली, "देवीची कृपा." म्हणजे शेवटी श्रेय गेलंच तिकडे. हे असंच असतं. चाक निखळलं तर सगळं गाव गोळा होतं, निखळलं नाही तर त्याला बातमी म्हणत नाहीत. तिथल्या तिथे नट पुन्हा ढिला करून हिला दाखवावा, असाही एक विचार क्षणभर माझ्या मनात आला होता. कबूल करतो.

साताऱ्याच्या पुढे पंक्चर झालं.

या वेळी मी तयार होतो. हँडब्रेक, दगड चाकामागे, नट आधी ढिले, मग जॅक, नट हिच्या डब्यात, डब्याला झाकण. सगळं अकरा मिनिटांत. स्टेपनी चढवली, जॅक खाली घेतला आणि स्टेपनी हळूहळू बसत गेली. पूर्ण बसली. हवाच नव्हती. दोन वर्षं मी रोज सकाळी गुडघे टेकून सोळा नट तपासले होते, आणि डिकीत सतरंजीखाली पडलेल्या पाचव्या चाकाला एकदाही हात लावला नव्हता. २०२० साली सरकारनं नियम बदलला, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं साहित्य असलं की स्टेपनी नसली तरी चालते. माझ्या गाडीत स्टेपनी होती. ती नसती तर निदान मी तिच्यावर विसंबलो नसतो.

ही काही बोलली नाही. डबा उघडून तिनं मला त्यातला नट नव्हे, पण लाडू दिला, यावरून तिला किती वाईट वाटलं असेल ते समजलं. अर्ध्या तासानं एक टेम्पो थांबला. त्याचा किन्नर उतरला, चाकाकडे पाहिलं, स्टेपनीवर लाथ मारून आवाज ऐकला आणि म्हणाला, "हिच्यात हवा नाय."

सोसायटीत ही बातमी माझ्याआधी पोचली. कशी, ते हिलाच ठाऊक. तेव्हापासून सकाळी मी पार्किंगमध्ये उतरलो की वरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारतं, "पाचवं बघितलं का हो?" मी बघतो. रोज नाही, दर महिन्याच्या एक तारखेला. हवेचा आकडा वहीत लिहितो.

पण हसणारे हेच लोक टायर बदलून आले की दबक्या आवाजात माझ्या दाराची बेल वाजवतात. "तो तुमचा कट् करणारा पाना मिळेल का? जरा शंभर किलोमीटर झालेत." आत्तापर्यंत नऊ घरांत जाऊन आला. परवा बी विंगमध्ये गेलाय तो अजून परत आलेला नाही. ज्यांनी नेला असेल त्यांनी शनिवारपर्यंत आणून द्यावा, मला लोणावळ्याला जायचंय. आणि देताना एक करा, मूठ उलटी फिरवून सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. ८५ वर तसाच ठेवला की आतली स्प्रिंग थकते, आणि मग तो भलत्याच आकड्याला 'पुरे' म्हणायला लागतो.